चाळीसगावचा पिवळा

नव्या रंगीत प्रिंटरची एक गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. तो स्वतःची नाडी स्वतःच बघतो. सकाळी बटण दाबलं की आतल्या आत चार रंगांचे ठिपके छापतो, ते स्वतःच वाचतो, कुठला रंग कमी पडलाय ते ठरवतो आणि भरून काढतो. टोनर, म्हणजे रंगाची भुकटी, संपत आला की कंपनीला परस्पर निरोप धाडतो. कागद अडकला तर पडद्यावर बाण काढून दाखवतो, की हे झाकण उघडा, इथून ओढा. ऑफिसातला शिपाई तेवढं करतो आणि हात झटकून चहाला जातो. हेच सगळं मी जळगावच्या एका एजन्सीत एकतीस वर्षं केलं, स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि डोळा या तीन हत्यारांवर. तेव्हा लोक माझी वाट बघायचे. नव्या मशीनचा मला राग येतो असं मी चारचौघांत सांगतो, पण तो राग नाही, शुद्ध हेवा आहे.

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगतो. रंगीत प्रिंटरमध्ये रंग चारच असतात, निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. नवरीचा शालू म्हणा, पुढाऱ्याचा चेहरा म्हणा, सगळं या चार भुकट्यांच्या मिसळीतून होतं. जुनं मशीन एका पानासाठी चार फेऱ्या मारायचं, एकेका रंगाची एकेक. एखादी फेरी केसभर सरकली की पुढाऱ्याच्या ओठांना दोन कडा दिसायच्या आणि पुढारी खवळायचा. आकाराने ते कपाटाएवढं. सुरू केल्यावर तापायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात ऑफिसातल्या बायकांच्या दोन भाज्या निवडून व्हायच्या. जळगावच्या मे महिन्यात त्याच्या टोनरचे खडे बनायचे. पावसाळ्यात कागद ओलसर व्हायचा, म्हणून मी गिऱ्हाइकांना रिमा शंभरच्या बल्बखाली ठेवायला लावायचो. नवं मशीन चारही रंग एका दमात घालतं, कोपऱ्यातल्या टेबलावर मावतं आणि त्याला ऊन-पावसाचं सोयरसुतक नसतं. आता ते बल्ब कुठे गेले कोण जाणे.

पण जुन्या मशीनला माणूस लागायचा, आणि तोही इथला. एकदा मी रजेवर असताना एका बियाणेवाल्याकडे पुण्याहून इंजिनिअर आला. मशीनमधून वांग्यांचं पत्रक निघत होतं. आमच्याकडची भरताची वांगी हिरवी असतात, अंगावर पांढरे पट्टे. हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. हिरवी वांगी बघून त्याला वाटलं, मशीनचा किरमिजी रंग गेला. अर्धा दिवस खपून त्याने वांगी जवळजवळ जांभळी केली. मग वांग्याची पानंही जांभळी झाली आणि खाली छापलेला दुकानमालकाचा फोटोसुद्धा. मी परत आलो तेव्हा मालकांनी तो कागद माझ्यापुढे धरला. ते मशीन मी वीस मिनिटांत जागेवर आणलं. ही हकिकत मी पुढे इतक्या वेळा सांगितली की घरचे उठून जायचे. जळगावच्या मशीनला जळगावचाच डोळा लागतो, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

आता साळवेबद्दल सांगायला हवं. विलास साळवे हा धुळ्याचा. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, त्याच कंपनीच्या धुळ्याच्या एजन्सीत. त्याचं आणि माझं भांडण कधीच झालं नाही, हेच वाईट. भांडण झालं असतं तर मोकळा झालो असतो. साळवे प्रत्येक ट्रेनिंगला जायचा, हैदराबाद म्हणू नका, बंगळूर म्हणू नका. मी जायचो नाही, कारण डोळा ट्रेनिंगला पाठवता येत नाही असं मला वाटायचं. त्याने रंग मोजायचं एक छोटं उपकरण स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. कागदावर टेकवलं की आकडा दाखवायचं. मी त्याची टिंगल करायचो आणि घरी येऊन त्या उपकरणाची माहिती शोधायचो.

आमच्या दोघांच्या मध्ये चाळीसगाव. जिल्हा जळगाव, म्हणून गाव माझ्याकडे. पण धुळ्याहून ते जवळ. तिथे शैलाअक्कांचं शेती सल्ला केंद्र होतं. अक्का शेतीशाळेतून शिकलेल्या, नवऱ्याच्या मागे एकटीने केंद्र उभं केलेल्या. त्यांच्याकडे केळीचा एक रंगीत कागद छापला जायचा. त्यावर केळीच्या पानांचे तीन फोटो. एक निरोगी पान. दुसरं फिकट पिवळं, म्हणजे जमिनीत लोह कमी, फवारणी केली की महिनाभरात सुधारणारं. तिसरं गडद पिवळ्या पट्ट्यांचं, म्हणजे हरण्या रोग. त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटून गाडायचं, नाहीतर सगळा मळा जातो. गिरणाकाठचे शेतकरी तो कागद घेऊन मळ्यात जायचे आणि कागद पानाशेजारी धरून रंग जुळवायचे. तेव्हा त्या कागदावरचा पिवळा किती पिवळा, यावर माणसांची झाडं उभी राहायची किंवा उपटली जायची. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अक्का मला बोलवायच्या.

त्या सोमवारी दगडूनानाही यायचे. नाना म्हणजे त्या भागातले केळीचे जाणते. आजूबाजूच्या चार गावांतले लोक पान आजारी वाटलं की आधी नानांना बांधावर न्यायचे, मग अक्कांकडे यायचे. नाना मळ्यातून ताजी पानं फडक्यात गुंडाळून आणायचे. आम्ही दारात उजेडाला उभे राहून छापलेला कागद आणि पान शेजारी धरायचो. मी पिवळा एक घर वर घ्यायचो, पुन्हा छापायचो, नाना मान डोलवायचे. जमलं की अक्का कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी वाढायच्या. माझ्या नोकरीतलं सुख म्हणाल तर ते एवढंच होतं, पण ते माझं होतं.

एका श्रावणात अक्कांचा फोन आला, की कंपनी नवं मॉडेल दाखवायला म्हणतेय, धुळ्याचे साळवे घेऊन येणार आहेत. दोन्ही मशीनं शेजारी ठेवून तोच कागद छापायचा, केंद्राच्या कमिटीने बघायचं आणि ठरवायचं. जुनं मशीन चालवायला मी यायचं.

मी तीन दिवस आधीच चाळीसगावला जाऊन बसलो. ड्रम पुसले, रोलर बदलला, मुलीला दाखवायच्या आधी आई जशी वेणी घालते तसं ते मशीन नटवलं. नाना पानं आणू का म्हणाले. मी म्हणालो, कशाला त्रास घेता, पिवळा माझ्या डोळ्यात बसलाय. नाना बरं म्हणाले. तेव्हापासून त्यांनी पानं आणणं बंद केलं.

त्या दिवशी साळवे स्वतःच्या गाडीतून आला. नवं मशीन दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं. त्याने पहिला कागद छापला आणि मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. हरण्याचं पान असं निघालं होतं की ते हाताला ओलं लागेल असं वाटलं. मला तीन दिवस लागले होते, त्याला चार मिनिटं. वर अक्का त्याला म्हणाल्या, "साळवेभाऊ, आधी दोन घास खाऊन घ्या, कमिटी दुपारी येईल." आणि त्याला कळण्याची भाकरी वाढली, माझ्या नेहमीच्या ताटात. हसू नका. माणूस आयुष्यात कशावर घसरतो ते ताटासारख्या गोष्टीवरच.

साळवे जेवत होता तेव्हा मी नव्या मशीनसमोर उभा होतो. माझा सर्व्हिसचा पासवर्ड कंपनीच्या सगळ्या मॉडेलना चालायचा. आत गेलो. तिथे टोनर बचत नावाची एक सोय असते. ती चालू केली की मशीन प्रत्येक रंग कमी घालतं, कच्च्या छपाईसाठी बरी असते. मी ती चालू केली आणि बाहेर पडलो. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

कमिटी आली. नव्या मशीनमधून फिकट, धुतल्यासारखी पानं निघाली. साळवे गोंधळला. त्याने मशीनला स्वतःला तपासायला लावलं, पुन्हा छापलं, पुन्हा फिकट. त्याच्या कपाळावर घाम आला होता. जुन्याने त्या मानाने झकास छापलं. कमिटीतले एक आबा म्हणाले, नवं ते सगळंच सोनं नसतं. साळवेने मशीन गाडीत घातलं आणि जाताना मला हात जोडले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. हे लिहिताना हात जड होतो, पण त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खुशीत होतो, अगदी शेजारच्या माणसाला खारे शेंगदाणे देण्याइतका.

दिवाळीनंतर अक्कांचा फोन आला. आवाज पडलेला होता. दगडूनानांनी कागद पानाशी जुळवला आणि हरण्या समजून साठ झाडं उपटून गाडली. पुढे विद्यापीठाचे कुणी तज्ज्ञ त्या भागात आले होते, त्यांनी उरलेल्या झाडांची पानं बघून सांगितलं की रोग नव्हताच, लोह कमी होतं. साठ झाडं, घड धरायच्या बेतात आलेली. नाना तेव्हापासून केंद्रात आले नव्हते. मी अक्कांना म्हणालो, "वय झालं अक्का नानांचं. नजर कमी झाली असेल." अक्का म्हणाल्या, "असेल."

त्याच हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा पुढे करायचा होता. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर घरातली भिंत मला इतकी पांढरी दिसली की मी बायकोला विचारलं, रंग कधी दिला. ती म्हणाली, भिंत तीच आहे, तुम्हीच आता बघताय. मी गंमत म्हणून माझी फाइल काढली. दर महिन्याचा शेवटचा कागद मी चाळीसगावहून घरी आणून लावून ठेवायचो. वरचा, म्हणजे दिवाळीच्या आधीचा कागद हातात घेतला. डाव्या, जुन्या डोळ्याने बघितलं तर सगळं ठीक. उजव्याने बघितलं तर हरण्याच्या पानावरचा पिवळा अगदीच फिका, लोह कमी असलेल्या पानासारखा. आणि लोह कमी असलेलं पान जवळजवळ निरोगी दिसत होतं. मी मागचे कागद काढले. श्रावणाच्या आधीचा, नाना पानं आणायचे तेव्हाचा पिवळा दणदणीत होता. मग महिन्यागणिक एकेक घर उतरत गेलेला. डोळ्यापुढे पिवळट पडदा येत होता, मला सगळं जग आधीच पिवळं दिसत होतं आणि मी मशीनचा पिवळा कमी करत आलो होतो. नाना पानं घेऊन दारात उभे असते तर त्यांनी पहिल्याच महिन्यात मान डोलावली नसती. मी एकेक डोळा झाकत बराच वेळ तसाच बसलो.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. मशीन जुनं होतं, ड्रम झिजला असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी साळवेला फोन लावला. म्हणालो, चाळीसगावला ते नवं मशीन पुन्हा न्यायला हवं, जुन्याचा पिवळा गेलाय. तो म्हणाला, "आणतो भाऊ. टोनर बचत बंद करूनच आणतो."

त्यानेच सांगितलं. नवं मशीन प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, किती वाजता केला आणि कुणाच्या पासवर्डने. धुळ्याला नेल्यावर त्याच संध्याकाळी त्याने नोंद उघडली होती. बारा चाळीस, पासवर्ड माझा. इतके महिने त्याला ठाऊक होतं आणि तो कुणाला एक अक्षर बोलला नव्हता. फोन ठेवल्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्यासोबत जुनं दुखणंही उठलं, की हा माणूस इतका मोठ्या मनाचा का असावा. मशीन त्याचं चांगलं, गाडी त्याची, आता मनही त्याचंच चांगलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघं अक्कांच्या केंद्रात पोहोचलो. मशीन लागलं, कागद छापला, पिवळा जसा हवा तसा आला. मग मी अक्कांना सगळं सांगितलं, बचतीचंही आणि डोळ्याचंही. अक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? नानांना सांगा. त्यांनी बांधावर जाणं सोडलंय. लोक बोलवायला येतात, ते घरातून बाहेर येत नाहीत."

आम्ही तिघं नानांच्या मळ्यात गेलो. नाना खाटेवर बसले होते. त्यांच्या मागे मळ्यात जिथे साठ झाडं होती तिथे मेथी पेरली होती. अक्कांनी नवा कागद त्यांच्या शेजारी खाटेवर ठेवला. मी उभ्या उभ्याच सांगितलं, काही न वगळता. ऐकताना नानांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी त्यांनी साळवेला विचारलं.

"तुले माहीत व्हतं का रे भाऊ?"

"होतं," साळवे म्हणाला.

"मंग सांगं का नही?"

मला वाटलं, तो माझी बाजू सावरून काहीतरी म्हणेल. साळवे खाली बघत बोलला, "भाऊंचा डोळा, भाऊंचा डोळा, हे मी वीस वर्षं ऐकतोय नाना. धुळ्याचे गिऱ्हाईकसुद्धा मला तेच ऐकवायचे. मला तसा डोळा नाही, म्हणून मी मोजायचं यंत्र घेतलं. मला वाटलं, चालू दे त्यांचं जुनं मशीन. एक दिवस तोंडघशी पडेल, तेव्हा सगळ्यांना कळेल. मी त्या दिवसाची वाट बघत होतो."

म्हणजे मोठं मन वगैरे काही नव्हतं. मी जे केलं ते अर्ध्या मिनिटात केलं, त्याने तेच महिनोन्महिने गप्प बसून केलं. आणि दोघांच्या मध्ये नानांची झाडं होती. मला क्षणभर बरं वाटलं हेही लिहून टाकतो, लपवून काय करू.

नाना मेथीकडे बघत म्हणाले, "माले तवय वाटनं व्हतं, हाऊ रोग नही. झाड मन्ह्या हातनं शे, माले कळस. पन कागद म्हने रोग शे. मी म्हनं, कागद खोटा कसा व्हई? मन्हीच नजर गई. बठ्ठा लोके बलावाले येत, मी घरमा दडी बसू. कोनले चुकीचं सांगी बसशु, त्यानं भ्याव वाटे."

अक्का हळूच म्हणाल्या, "नाना, रोग नाही असं तुम्हाला वाटलं होतं, तेच बरोबर होतं. खोटा कागद होता."

"मंग मन्ही नजर शाबूत शे?"

"आहे," मी म्हणालो.

नानांनी पुन्हा तेच विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून. मी पुन्हा आहे म्हणालो. त्यांनी आम्हा दोघांना शिवी दिली नाही, माफही केलं नाही. खाटेखालच्या वहाणा पायात सरकवल्या आणि उठले. पलीकडच्या मळ्यातला एकजण आठवडाभर त्यांना पान बघायला बोलावत होता म्हणे. नाना बांधावर चढले आणि चालू लागले, वयाच्या मानाने भरभर. कागद खाटेवरच राहिला. साळवे तो उचलून त्यांच्या मागे द्यायला निघाला, तेव्हा अक्कांनी त्याला हाताने थांबवलं.

माझ्या उजव्या डोळ्याला आता लांबचं लख्ख दिसत होतं. पलीकडच्या बांधावर नानांनी एक पान उन्हाकडे धरलं, उलटं केलं, अंगठ्याने चोळलं आणि शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं. त्या माणसाने मान डोलावली. मी आयुष्यभर अनेकांवर जळलो, पण त्या वेळी नानांचा जेवढा हेवा वाटला तेवढा कुणाचाच वाटला नव्हता. माझ्या शेजारी साळवे उभा होता. तोही तिकडेच बघत होता.